फिफ्थ व्हील ट्रेलरचे हिसके कमी करायचेत? हिच बदलण्याआधी आणि बदलताना काय काय बघायचं

मागे फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकला जोडायचा राहता ट्रेलर) लावून आय-१० हायवेने ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सकडे गेलात की लुईझियाना लागल्याचं पाटी न बघताही कळतं. काँक्रीटचा जोड आला की आधी ट्रकची पुढची चाकं, मग मागची, मग ट्रेलरची, आणि मधेच पाठीमागून कोणीतरी सीट ढकलली आणि लगेच मागे ओढली असा हिसका. लाफायेट आणि बॅटन रूजच्या मधे दलदलीवरचा तो अचाफलायाचा पूल आहे, जवळजवळ १८ मैल लांब, तिथे तर हे सतत चालू. इथले आरव्हीवाले, म्हणजे असं चाकांवरचं घर घेऊन फिरणारे, याला चकिंग म्हणतात. रस्ता खराब असेल तर थोडंफार होणारच, पण बऱ्या रस्त्यावरसुद्धा चहा सांडत असेल तर जोडणीत काहीतरी गडबड आहे.

आता होतं काय की वैतागून माणूस थेट महागातली एअर राइड हिच (हिच म्हणजे ट्रकवरची ट्रेलर अडकवायची जोडणी, ही हवेच्या गादीवरची) मागवतो, ती बसवतो, आणि थोडासाच फरक पडतो कारण प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, मुळात दुसरीकडेच असतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी हिसका कुठून येतोय ते शोधा, मग पाकीट उघडा. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय, स्वस्तातलं आधी आणि महागातलं शेवटी.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरला ट्रकच्या मागच्या बंपरखाली बॉल असतो. फिफ्थ व्हीलची हिच मात्र ट्रकच्या बेडमधे (मागच्या उघड्या हौद्यात), मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर किंवा दोनेक इंच पुढे असते, आणि ट्रेलरच्या नाकाखालचा किंगपिन तिच्या जबड्यात अडकतो. उरणच्या रस्त्याला जेएनपीटीचे कंटेनर ओढणारे ट्रेलर बघितले असतील तर तत्त्व तेच, फक्त इथे ते पिकअपच्या मागे आणि आत किचन, बेडरूम आणि टीव्ही. वजन अॅक्सलवर येत असल्यामुळे फिफ्थ व्हील मुळात स्थिर चालतं, शेपूट हलवत नाही. पण त्याच कारणाने ट्रेलरचा प्रत्येक उसळीचा धक्का सरळ ट्रकच्या फ्रेममधे आणि तिथून तुमच्या कमरेत.

आधी काटा करा

आपल्याकडे ट्रकवाले म्हणतात ना काटा करून आण, तेच इथे करायचं. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल असतो, थोड्या डॉलरमधे अॅक्सलवार वजनाची पावती मिळते. ट्रेलर नेहमी नेता तसा पूर्ण भरून, पाणी वगैरे जसं असतं तसं ठेवून एकदा काट्यावर घ्या, मग ट्रेलर बाजूला उभा करून नुसता ट्रक, माणसं आणि हिचसकट, परत काट्यावर. पहिल्या पावतीतली ट्रकच्या दोन्ही अॅक्सलची बेरीज वजा नुसत्या ट्रकचं वजन म्हणजे तुमचं पिन वेट, ट्रेलरचं ट्रकवर येणारं वजन. दोन्ही वेळा टाकीत डिझेल साधारण तेवढंच असू द्या नाहीतर हिशोब चुकतो.

फिफ्थ व्हीलचं पिन वेट साधारण एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के असतं, बहुतेकांचं २० च्या आसपास. म्हणजे ट्रेलर १३,००० पाउंडाचा असेल तर पिनवर २,६०० च्या आसपास आलेच. आता ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा पिवळा स्टिकर वाचा, माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. पाऊण टनी (एफ-२५० सारख्या वर्गातल्या) डिझेल ट्रकवर बरेचदा तो आकडा २,००० ते २,५०० एवढाच निघतो आणि त्यात घरातली चार माणसं, हिचचं स्वतःचं वजन, बेडमधला जनरेटर, सगळं बसवायचं असतं. डीलर टोइंग कपॅसिटीचा (ओढायच्या वजनाचा) मोठा आकडा सांगतो, पेलोडबद्दल, म्हणजे ट्रकने अंगावर घ्यायच्या वजनाबद्दल, गप्प असतो. ट्रक ओव्हरलोड असेल तर मागची पाटे-स्प्रिंग आधीच बसलेली असते, तिला हलायला जागाच नसते, मग वर कसलीही गुबगुबीत हिच लावा.

ट्रकच्या मागच्या अॅक्सलला एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी) लावून ट्रक लेव्हलला येतो, राइडही जरा सुधारते, मी त्याच्या विरोधात नाही. पण एअर बॅगने ट्रकची वजन घ्यायची मर्यादा वाढत नाही हं, स्टिकरवरचा आकडा तोच राहतो.

पिन वेट फार कमी असेल, म्हणजे १५ टक्क्यांच्या खाली, तरी पण हिसके वाढतात कारण पिन हिचवर नीट बसून राहत नाही, उचलून उचलून आपटतो. मागच्या स्टोरेजमधे किंवा मागच्या रॅकवर जड सामान भरणाऱ्यांनी ते पुढे सरकवून बघावं, हा फुकटचा उपाय आहे.

लेव्हल आणि टायर

सपाट जागेवर जोडणी करून ट्रेलरच्या फ्रेमची जमिनीपासूनची उंची पुढे आणि मागे टेपने मोजा. नाक वर असेल तर ट्रेलरच्या मागच्या अॅक्सलवर जास्त भार जातो, ते टायर तापतात, आणि उसळी वाढते. हिचच्या डोक्याची उंची बोल्ट बदलून खाली-वर होते, पिन बॉक्सलाही (ट्रेलरच्या नाकाखाली किंगपिन धरणाऱ्या पेटीलाही) भोकांच्या दोन-तीन जागा असतात, त्यातून जुळवायचं. पण नाक खाली आणायच्या नादात ट्रेलरची पुढची बाजू आणि ट्रकच्या बेडची भिंत यांच्यामधे ६ इंच तरी फट राहिली पाहिजे, नाहीतर उताराच्या ड्राइव्हवेवर वळताना बेडची कड चेपलीच समजा. हल्लीचे ट्रक इतके उंच झालेत की दोन्ही एकदम जमत नाही, मग लोक ट्रेलरचेच अॅक्सल स्पेसर घालून उचलतात. तसं केलंत तर छतावरच्या एसीपर्यंतची उंची परत मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, साडेतेरा फुटांच्या वर गेलात तर पुलाखालून जाताना रडाल.

टायरचं एवढंच की हवा थंड टायरमधे बघायची. मोठ्या ट्रेलरना लोड रेंज जी चे, म्हणजे जास्त वजन पेलणारे, टायर असतात, त्यात ११० पीएसआयपर्यंत जातं आणि ते दगडासारखे कडक होतात. तुमच्या काट्याच्या पावतीवरचं वजन घेऊन टायर कंपनीच्या तक्त्यात किती हवा लागते ते बघा. राइड मऊ करायला अंदाजाने हवा कमी करणं हा मात्र आत्मघात आहे, ट्रेलरचे टायर त्यानेच फुटतात.

प्ले कुठे आहे ते शोधा

हा भाग लोक सोडून देतात आणि खरी मजा इथेच आहे. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक (चाक अडवायची पाचर) लावा, मोबाईल बेडमधे क्लॅम्पने असा बसवा की हिच पूर्ण दिसेल, आणि व्हिडिओ चालू करा. मग केबिनमधला ट्रेलर ब्रेकचा हाताचा लिव्हर दाबून धरून ट्रक हळूच पुढे, हळूच मागे, एखाद इंच. कोणालाही ट्रक आणि ट्रेलरच्या मधे उभं करू नका, त्यासाठीच मोबाईल. आता व्हिडिओ स्लो करून बघा नक्की काय हलतंय.

किंगपिन जबड्यात पुढे-मागे होतोय? मग जबडा झिजलाय किंवा अॅडजस्टमेंट ढिली आहे. किंगपिन ठरलेल्या मापाचा असतो, २ इंच जाडीचा, तो सहसा पटकन झिजत नाही, जबडा आधी जातो. हिचचं डोकं खालच्या पायावर हलतंय? मग पिव्होटचे बुश गेलेत, काही हिचना ते पॉलियुरेथेनचे असतात आणि नुसते बुश बदलून मिळतात. पूर्ण हिच बेडमधे सरकतेय? मग रेलच्या (बेडच्या तळाला बोल्ट केलेल्या, हिच बसवायच्या पट्ट्यांच्या) पिना किंवा पकचे पाय ढिले. हल्लीच्या हेवी ड्यूटी ट्रकला कंपनीतूनच बेडमधे चार गोल सॉकेट येतात त्यांना पक म्हणतात, त्यात हिचचे पाय घालून हँडल फिरवायचं, आणि त्या पायांचे नट नीट कसले नसतील तर तिथून ठण्ण असा आवाज येतो जो आख्ख्या केबिनमधे घुमतो. ढिली चप्पल घालून पळण्यासारखं आहे हे, पाय किती का चांगला असेना ठेच लागणारच. बऱ्याच जणांचं काम या टप्प्यावरच पाना फिरवून होऊन जातं आणि नवीन हिच घ्यायची गरजच उरत नाही.

ब्रेक मारतानाच फक्त धक्का येत असेल तर हिचला हात लावू नका, ट्रेलर ब्रेकचा गेन, म्हणजे ब्रेक किती जोरात लागतो त्याची सेटिंग, बघा. मोकळ्या सपाट जागेत ताशी २०-२५ मैलांच्या स्पीडला फक्त ट्रेलरचा लिव्हर पूर्ण दाबायचा, ब्रेकचा जोर चाकं लॉक होण्याच्या जरासा अलीकडे राहिला पाहिजे. गेन कमी असेल तर ट्रेलर ट्रकला मागून ढोसतो.

हिच बदलायचीच ठरली तर

पहिलं बघायचं ते जबडा. स्वस्त हिचमधे एका बाजूने सरकणारा बार असतो, चालतं काम, पण किंगपिनभोवती घट्ट बसत नाही. दोन जबडे दोन्ही बाजूंनी येऊन पिनला पूर्ण वेढा घालतात ती हिच घ्या, पैसे इथे वसूल होतात. बी अँड डब्ल्यूची कंपॅनियन आणि कर्टची क्यू सिरीज या लोकांच्या यादीत नेहमी वर असतात ते याच घट्टपणामुळे.

दुसरं म्हणजे डोकं किती दिशांना झुकतं. फक्त पुढे-मागे झुकणारं डोकं असेल तर खड्ड्यात एका बाजूचं चाक गेलं की ट्रेलर ट्रकला पिळतो. पुढे-मागे आणि डावी-उजवी दोन्हीकडे झुकणारं घ्या, शिवाय खडबडीत जागी जोडणी करताना पण सोपं जातं.

तिसरं म्हणजे बेडची लांबी. ८ फुटी बेडवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. साडेसहा किंवा साडेपाच फुटी बेड असेल तर वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेत घुसू शकतो. ट्रेलर १०२ इंचांपर्यंत रुंद असतो, म्हणजे मधल्या पिनपासून बाजूपर्यंत ५१ इंच, आणि नाक चौकोनी असेल तर पूर्ण काटकोनात वळायला पिनपासून केबिनपर्यंत त्याहून जास्त जागा लागते. हल्ली नाकाचे कोपरे गोल, आत कापलेले येतात म्हणून साडेसहा फुटी बेडवाल्या बऱ्याच जणांना स्लायडर (वळताना मागे सरकवायची हिच) लागतच नाही, टेप घेऊन मोजा. लागत असेल तर हाताने सरकवायची स्लायडर स्वस्त पडते, पण पार्किंग करायच्या आधी लॅच काढायला उतरावं लागतं आणि सरकणारा भाग म्हणजे प्लेची अजून एक जागा. पुलराइटची सुपरग्लाइड वळताना आपोआप मागे सरकते, महाग आहे, पण साडेपाच फुटी बेड असेल तर मी तीच घेईन. तिसरा रस्ता म्हणजे रीसचा साइडवाइंडर पिन बॉक्स, तो ट्रेलर ज्या बिंदूवर वळतो तो बिंदूच २२ इंच मागे नेतो.

चौथं, बेडमधे आधीच काय आहे. पक असतील तर त्याच मापाची हिच घ्या, फोर्ड, रॅम आणि जीएमच्या पकची मापं सारखी नाहीत. गूझनेकचा बॉल (बेडच्या मधोमध बसणारा, दुसऱ्या प्रकारच्या ट्रेलरचा) असेल तर त्या भोकात बसणारी हिच मिळते, काढली की बेड मोकळा. काहीच नसेल तर रेल, पण रेल म्हणजे बेडमधे ड्रिलिंग आलं.

अँडरसनची अॅल्युमिनियमची अल्टिमेट हिच वेगळ्याच जातीची आहे, जबडा नाहीच, किंगपिनला खालून कप लावायचा आणि तो बॉलवर बसतो. वजन ४० पाउंडाच्या आतबाहेर त्यामुळे एकटा माणूस उचलून काढतो, आणि बॉल-कपमधे प्ले जवळजवळ नाही. ज्यांना पेलोडची काटकसर आहे त्यांना मी ही नक्की सुचवतो. फार जड ट्रेलरला मात्र लोखंडी हिचच बरी वाटते, हे माझं मत.

बसवताना

लोखंडी हिचचं डोकं आणि पाया मिळून एकट्याने उचलायची गोष्ट नाही, मित्राला बोलवा किंवा इंजिन होइस्ट आणा. पाठ गेली तर सुटी गेली.

रेल बसवत असाल तर आधी ट्रकखाली झोपून डिझेलची लाइन, ब्रेकची लाइन आणि वायरिंग कुठून गेलंय ते बघा, मगच वरून ड्रिल. आपल्या ट्रकच्या मॉडेलसाठीचं ब्रॅकेट किट घ्या, ते फ्रेमच्या आधीच्या भोकांना लागतं. फ्रेमला वेल्डिंग करायचं नाही, कोणी ओळखीचा वेल्डर कितीही म्हणू दे. किटमधे इंग्रजी यू आकाराच्या पट्ट्या येतात त्या बेड आणि फ्रेमच्या मधे घालायच्या असतात म्हणजे बोल्ट कसताना बेडचा पत्रा दबत नाही, त्या उरल्या म्हणून फेकू नका. २०१७ पासूनच्या फोर्ड सुपर ड्यूटीचा बेड अॅल्युमिनियमचा आहे, तिथे ड्रिल केलेल्या भोकाला रंग किंवा सीलंट लावा नाहीतर लोखंडी बोल्टच्या संगतीने अॅल्युमिनियम गंजून खाल्लं जातं.

बोल्ट टॉर्क रेंचनेच कसायचे, आकडा मॅन्युअलमधला, हाताच्या अंदाजाने नाही. पहिल्या छोट्या फेरीनंतर सगळे बोल्ट परत तपासायचे कारण रंग आणि वॉशर दबून टॉर्क उतरतो. बेडमधे ७ पिनचं सॉकेट (ट्रेलरच्या दिव्यांची आणि ब्रेकची वायर लावायचं) नसेल तर वायरिंगचं एक्स्टेन्शन याच वेळी टाकून घ्या, मागच्या बंपरपासून वायर लोंबकळत आणली की टेलगेटमधे चिमटते.

ग्रीस की प्लास्टिकची चकती यावरून इथे लोक भांडतात. किंगपिनवर घालायची ती १० इंची चकती छान असते, हाताला काळं लागत नाही. पण तिच्या जाडीमुळे पिन जबड्यात तेवढा कमी खाली जातो आणि काही हिचमधे जबडा पूर्ण बंदच होत नाही. तुमच्या हिचच्या कंपनीला चकती चालते का हे बघून मगच घाला.

पिन बॉक्स

हिच घट्ट झाली, लेव्हल झाली, तरी उभे दणके जाणवतायत तर मग पिन बॉक्सकडे वळा. मोराइडचा पिन बॉक्स रबरावर चालतो, पुढे-मागेचा हिसका तो खातो, हवा भरायची भानगड नाही, आणि चकिंगच मुख्य त्रास असेल तर माझं मत त्याला. ट्रेलएअरच्या फ्लेक्स एअरमधे रबर, एअर बॅग आणि शॉक अॅब्सॉर्बर असं सगळं. रीसचा गूझबॉक्स घेतलात तर बेडमधली हिचच जाते, खाली नुसता गूझनेकचा २ ५/१६ इंची बॉल राहतो आणि वर एअर बॅग. हे सगळे पिन वेटच्या रेंजनुसार येतात, म्हणून ती काट्याची पावती जपून ठेवा. फार जड रेंजचा बॉक्स हलक्या ट्रेलरला लावला तर तो हलणारच नाही, फार हलका लावला तर खाली टेकून ठोके देईल. एअर बॅगची हवा ट्रेलर जोडलेला असताना, पूर्ण वजन आल्यावर कंपनीच्या खुणेप्रमाणे भरायची आणि प्रत्येक ट्रिपच्या आधी बघायची.

पिन बॉक्स बदलायच्या आधी ट्रेलरच्या फ्रेमची वॉरंटी वाचा. काही गूझनेक अडॅप्टर लांब असतात, त्यांच्यामुळे फ्रेमच्या पुढच्या भागावर तरफेसारखा जोर येतो आणि वॉरंटी जाते. आणि एअर राइड हिच अधिक एअर पिन बॉक्स असं दोन्ही एकत्र लावू नका, दोन गाद्या एकमेकींविरुद्ध झुलायला लागतात. एकच घ्या.

गंमत म्हणजे ही कल्पना नवीन नाही. विमानवाल्या ग्लेन कर्टिसने १९२० च्या दशकाच्या शेवटी एरोकार नावाचा ट्रेलर काढला होता, त्याची जोडणी कारच्या मागे आडव्या ठेवलेल्या हवेच्या टायरमधे होती. हवेवर धक्का झेलायचा, आज आपण एअर बॅगचे पैसे मोजतो ते त्याच कामाचे.

ट्रेलरच्या खालच्या सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. बहुतेक ट्रेलरला कंपनीतून शॉक नसतात आणि स्प्रिंगच्या बोल्टना प्लास्टिकचे बुश असतात जे लवकर संपतात. पितळी बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट टाकून घ्या, जोडीला रबरवाला इक्वलायझर (दोन अॅक्सलच्या स्प्रिंगना जोडणारा तुकडा). ट्रेलरच कमी उसळला तर हिचपर्यंत धक्का कमी येतो, आणि आतले कपाटाचे स्क्रू पण जागेवर राहतात.

पहिली जोडणी

नवीन हिचवर पहिल्यांदा जोडताना घाई नको. ट्रेलरचं नाक अशा उंचीला ठेवा की हिचची प्लेट पिन बॉक्सला हलकेच खालून उचलेल. पिन वर राहून प्लेटवरच टेकला तर वरवर जोडल्यासारखं दिसतं आणि पहिल्याच सिग्नलला ट्रेलर बेडवर पडतो. टॉर्च घेऊन आत डोकवा, जबडा पिनभोवती पूर्ण बंद आहे आणि प्लेट-पिन बॉक्समधे फट नाही हे डोळ्यांनी बघा. हँडलला पिन घाला, ७ पिनची वायर आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) लावा, केबल हिचला नाही तर ट्रकला. मग ट्रेलरचे पाय जमिनीपासून इंच-दोन इंच वर उचला, जास्त नाही, चॉक तसेच ठेवा, ट्रेलरचा ब्रेक दाबा आणि ट्रक पुढे ओढून बघा. सुटला तर ट्रेलर पायांवर पडेल, बेडवर नाही. घट्ट राहिला की मग पाय पूर्ण वर, टेलगेट बंद, आणि चॉक काढायला विसरू नका.

टेक्ससवाल्यांसाठी एक जाता जाता, नवीन हिचच्या भरात मोठा ट्रेलर घ्यायचा विचार असेल तर ट्रक-ट्रेलरचं मिळून रेटिंग २६,००१ पाउंड किंवा वर आणि ट्रेलरचं १०,००० च्या वर गेलं की साधं लायसन्स चालत नाही, क्लास ए नॉन-कमर्शियल काढावं लागतं, आणि त्याची परीक्षा स्वतःच्या ट्रक-ट्रेलरवरच द्यावी लागते.